चिनी वाक्याचं वजन इंग्रजीत कसं न्यायचं?

प्रश्न थोडक्यात असा आहे. विचारणारी मूळची सांगलीची, पुण्यात चिनी शिकली आणि गेल्या वर्षापासून जर्मनीतल्या एका संशोधन संस्थेत आहे. चिनी अभ्यासकांचं आणि सरकारचं सुरक्षाविषयक लिखाण इंग्रजीत आणून युरोप-अमेरिकेतल्या वाचकांपुढे ठेवायचं, हे तिचं काम. पहिल्याच मसुद्यात तिनं एक वाक्य ‘चीन युद्धाची तयारी वाढवतो आहे’ असं लावलं. एक सहकारी म्हणाला, फारच भडक. तिनं ते ‘लष्करी सज्जता’ असं केलं. दुसरा म्हणाला, हा तर बीजिंगचा प्रचार झाला. बीजिंगचा प्रचारकही व्हायचं नाही आणि चीनवर खटला चालवणारा वकीलही व्हायचं नाही, तर मधला रस्ता कुठला, असं ती विचारते.

मधला रस्ता शोधू नका. दोन चुकीच्या शब्दांच्या मधोमध बरोबर शब्द बसलेला असेल, याची काही खात्री नसते. मी वीसेक वर्षं हेच काम करते आहे. वाचकाला चीनचं म्हणणं पटावं की पटू नये, हा मी माझा प्रश्नच मानत नाही. वाक्य कोण बोललं, कुठे बोललं, कुणासमोर बोललं आणि चिनी वाचकाच्या कानाला ते किती जड लागलं, एवढं इंग्रजीत उतरलं की मला पुरतं. अर्थ शब्दकोशात मिळतो, हे वजन मिळत नाही. तुमच्या त्या वाक्याकडे मी शेवटी येते, कारण त्याला मधल्या बऱ्याच गोष्टींचा आधार लागणार आहे.

आधी बोलणारा कोण ते पाहू. सगळ्यात मोठा घोटाळा इथेच होतो. 1999 साली चिनी हवाई दलातल्या छ्याओ ल्यांग आणि वांग श्यांगस्वे या दोन अधिकाऱ्यांचं एक पुस्तक आलं. इंग्रजीत ते ‘अनरिस्ट्रिक्टेड वॉरफेअर’ म्हणून ओळखलं जातं. ते काढलं होतं लष्कराच्या साहित्य-कला प्रकाशनानं. यातला ‘साहित्य-कला’ हा शब्द विसरू नका. दोघं लष्कराच्या राजकीय शाखेतले, त्यात छ्याओ तर कादंबरीकार. उपशीर्षक साधारण असं होतं: जागतिकीकरणाच्या काळातलं युद्ध आणि युद्धपद्धती यांविषयीची कल्पना. अमेरिकी सरकारच्या भाषांतर विभागानं त्याच वर्षी त्याचं इंग्रजी केलं. मग 2002 मध्ये पनामातल्या एका प्रकाशकानं ते बाजारात आणलं, तेव्हा मुखपृष्ठावर जळते मनोरे आले आणि उपशीर्षकाचं झालं ‘अमेरिकेच्या विनाशाची चीनची महायोजना’. आतला मजकूर तोच राहिला, पण दोन कर्नलांचा विचारप्रपंच राष्ट्राचा आराखडा होऊन बसला. आजही वॉशिंग्टनमधल्या चर्चांत कुणीतरी ते चीनचं अधिकृत युद्धशास्त्र म्हणून पुढे करतंच.

दुसऱ्याला कशाला हसू? ही चूक मीही केली आहे. सुरुवातीच्या काळात एका निवृत्त चिनी अधिकाऱ्याचा तिखट लेख मी भाषांतरित करून दिला. तो निवृत्त आहे हे लिहिलं, पण हा माणूस दूरचित्रवाणीवर रोज असंच बोलतो आणि लष्करात त्याला फारसं कुणी विचारत नाही, हे लिहायचं राहिलं. दोन महिन्यांनी एका अहवालाच्या तळटीपेत माझा तोच लेख ‘चिनी लष्कराचं म्हणणं’ म्हणून झळकला. तेव्हापासून प्रत्येक भाषांतराच्या वर मी चार ओळी लिहिते: लेखक कोण, संस्था कुणाच्या हाताखालची, छापणारं कोण आणि लिहिलंय कुणासाठी. ग्लोबल टाइम्स या राष्ट्रवादी वळणाच्या चिनी दैनिकातला अग्रलेख आणि चिनी कम्युनिस्ट पक्षाचं मुखपत्र असलेल्या पीपल्स डेलीमधला ‘चोंग शंग’ या टोपणनावाचा लेख एका तागडीत घालता येत नाही. ‘चोंग शंग’चा शब्दशः अर्थ घंटानाद, पण कानाला तो ‘चीनचा आवाज’ असा ऐकू येतो आणि परराष्ट्र प्रश्नांवर पक्षाला काही ठासून सांगायचं असलं की हे नाव बाहेर निघतं. ग्लोबल टाइम्सचं गिऱ्हाईक वेगळं, त्याला रोज फोडणी लागते.

आणखी एक पाहून ठेवा. एकच चिनी अभ्यासक इंग्रजी नियतकालिकात लिहितो तेव्हा एक बोलतो आणि चिनी नियतकालिकात लिहितो तेव्हा वेगळं. खोटं दोन्हीकडे नसतं. पाहुण्यांसमोर बोलणं आणि घरात बोलणं एवढाच तो फरक. म्हणून त्यांच्या इंग्रजी लेखांवर समाधान मानू नका, घरातलं बोलणं आणा. ते मिळवणं मात्र अवघड होत चाललं आहे. अमेरिकी सरकारची 1941 पासून चालत आलेली भाषांतर सेवा जनतेला ज्या वाटेनं मिळायची, ती 2013 च्या अखेरीस बंद झाली. चीनमधल्या शोधनिबंधांच्या सर्वांत मोठ्या संग्रहाचे काही भाग एप्रिल 2023 पासून परदेशी ग्रंथालयांना मिळेनासे झाले. तुमच्या संस्थेकडे जुने उतरवून घेतलेले अंक असतील तर ते जपा, कुणाला रद्दीत घालू देऊ नका.

आता वजनाचं उदाहरण, आणि ते आपल्या घराजवळचंच घेते. 22 सप्टेंबर 1962 च्या पीपल्स डेलीच्या अग्रलेखाचं शीर्षक होतं ‘हे सहन करायचं, तर मग काय सहन करायचं नाही?’ दिल्लीत त्या दिवशी कुणी हे वाचलं असेल, तर नेहमीची आदळआपट वाटली असेल. पण ही ओळ कन्फ्यूशियसची आहे. एका सरदार घराण्यानं आपल्या अंगणात नर्तकांच्या आठ रांगा नाचवल्या. आठ रांगांचा मान फक्त सम्राटाचा. त्यावर कन्फ्यूशियस जे बोलला ते हे वाक्य. म्हणजे त्यात नुसता राग नाही, समोरच्यानं मर्यादा ओलांडली आहे आणि आता आम्हाला हात उचलण्याचा अधिकार आहे, असा निवाडा आहे. बरोबर चार आठवड्यांनी, 20 ऑक्टोबरला, हल्ला झाला.

तशीच दुसरी एक ओळ आहे, ‘आधी सांगितलं नव्हतं असं म्हणू नका’. डिसेंबर 1978 मध्ये ती व्हिएतनामला उद्देशून आली आणि पुढच्या फेब्रुवारीत चिनी फौजा सीमेपार गेल्या. म्हणून पाश्चात्य माध्यमांत हा मंत्रच होऊन बसला, की ही ओळ आली म्हणजे तोफा आल्याच. मग मे 2019 मध्ये पीपल्स डेलीत दुर्मिळ मृदा खनिजांवरच्या लेखात तीच ओळ अमेरिकेला उद्देशून आली. त्या वर्षी तरी निर्यात काही थांबली नाही. सात मूलद्रव्यांना परवान्याची अट लागली ती एप्रिल 2025 मध्ये. भाषांतरकारानं अशा वेळी ज्योतिष सांगू नये. ही ओळ याआधी कधी आली आणि तेव्हा पुढे काय झालं, एवढं दोन ओळींत द्यावं आणि बाजूला व्हावं.

शब्दांकडे येऊ. तुमचा रोजचा झगडा ‘आनच्वान’ या एका शब्दाशी असणार. इंग्रजीत अपघातापासूनची ती ‘सेफ्टी’ आणि शत्रूपासूनची ती ‘सिक्युरिटी’, असे दोन कप्पे आहेत. चिनीत एकच. इथे आपण मराठी माणसं इंग्रजांपेक्षा नशीबवान आहोत. आपल्या कारखान्याच्या भिंतीवर ‘सुरक्षा प्रथम’ लिहिलेलं असतं आणि राष्ट्राची असते तीही सुरक्षाच. चिनी कारखान्याच्या भिंतीवरही हुबेहूब हेच असतं, ‘आनच्वान दि-यी’. त्यामुळे एप्रिल 2014 मध्ये शी जिनपिंग यांनी ‘सर्वंकष राष्ट्रीय सुरक्षा दृष्टी’ मांडली आणि त्यात लष्करासोबत संस्कृती, पर्यावरण, संसाधनं अशी अकरा क्षेत्रं घातली, तेव्हा ते आपल्याला कानाला खटकत नाही. जर्मन वाचकाला खटकतं. त्याला वाटतं की सगळ्याच गोष्टींना ‘सिक्युरिटी’ म्हणणारं हे सरकार एकतर गोंधळलेलं आहे नाहीतर कावेबाज. त्याला सांगावं लागतं की शब्दच मोठ्या पोटाचा आहे. आणि त्याच दमात हेही सांगावं लागतं की त्या अकरांत पहिलं नाव ‘राजकीय सुरक्षा’ आहे, म्हणजे पक्षाची सत्ता टिकणं. शब्दाची पहिली गंमत सांगायची आणि ही दुसरी गोष्ट गाळायची, याला मी प्रचार म्हणते.

‘वेइशे’ हा शब्द सगळे ‘डिटरन्स’, म्हणजे धाकानं रोखणं, असा लावतात. चिनी लष्करी लिखाणात त्यात समोरच्याला थांबवणं आलं आणि त्याच्याकडून काही करवून घेणंही आलं. इंग्रजी युद्धशास्त्रात या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. ‘आम्ही फक्त वेइशे करतो’ हे चिनी वाक्य म्हणूनच इंग्रजीत जेवढं सोज्वळ वाटतं तेवढं नसतं. असे शब्द दोन्ही बाजूंच्या शास्त्रज्ञांनी एकत्र बसून लावायचा प्रयत्न केलेला आहे. अमेरिकी विज्ञान अकादमी आणि चिनी शास्त्रज्ञांचा गट यांचा अण्वस्त्रविषयक द्विभाषिक शब्दसंग्रह 2008 साली आला. पाच अण्वस्त्रधारी देशांचा शब्दसंग्रह 2015 चा, त्या कामाचं नेतृत्व चीनकडे होतं. दोन्ही टेबलावर ठेवा.

‘ताओग्वांग यांगह्वे’बद्दल तुम्ही विचारलेलं नाही, पण विचाराल. डेंग शियाओपिंग यांच्या नावावर असलेलं, 1989 च्या थ्येनआनमेन चौकातल्या दडपशाहीनंतरच्या काळातलं हे सूत्र. शब्दशः पाहिलं तर उजेड झाकून ठेवणं आणि अंधुकात स्वतःला जोपासणं. पेंटॅगॉनच्या अहवालांनी त्याचं केलं ‘क्षमता लपवा आणि संधीची वाट पाहा’. ही ‘वाट पाहा’ कुठून आली? मूळ चार अक्षरांत ती नाही. डिसेंबर 2010 मध्ये चीनचे ज्येष्ठ मुत्सद्दी दाई बिंगग्वो यांनी मोठा लेख लिहून सांगितलं की हा काही कट नव्हे, नम्रपणे राहण्याचा उपदेश आहे. दाईंचं म्हणणं जसंच्या तसं स्वीकारावं असं मी म्हणणार नाही. ते मुत्सद्दी होते, मुत्सद्द्याचं काम करत होते. आणि 2013 पासून बीजिंगनं स्वतःच ‘झटून काहीतरी करून दाखवा’ ही भाषा पुढे आणल्यावर, आधीचा दिवा का झाकला होता, हा प्रश्न वाचकानं विचारला तर त्यात त्याचं काय चुकलं? पण हा त्याचा निष्कर्ष झाला. तो मूळ वाक्यात आपण आधीच कोंबून ठेवायचा नाही.

शब्दाचं किती महत्त्व असतं हे पाहायचं असेल तर अमेरिका आणि चीन यांची 1972 आणि 1979 ची दोन संयुक्त निवेदनं शेजारी शेजारी ठेवून एक संध्याकाळ घालवा. मी नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात हेच काम देते. तैवान चीनचाच भाग आहे, या चीनच्या म्हणण्याबद्दलच्या वाक्यात इंग्रजी क्रियापद दोन्हीकडे एकच आहे, ‘अ‍ॅक्नॉलेज’. तुमचं म्हणणं आमच्या ध्यानात आलं, एवढाच त्याचा सूर. 1972 च्या चिनी प्रतीत त्यासाठी ‘रन्शि ताओ’ आहे, म्हणजे ‘जाणीव आहे’. 1979 च्या प्रतीत तिथे ‘छंगरन’ आलं, आणि छंगरन म्हणजे मान्यता देणं, कबूल करणं. एका सरकारला दुसऱ्यानं मान्यता दिली असं सांगायलाही हाच शब्द. अमेरिकी सिनेटमध्ये यावर प्रश्न उठले, तेव्हा उपपरराष्ट्रमंत्री वॉरन क्रिस्टोफर यांना सांगावं लागलं की आम्हाला बांधील आहे ती इंग्रजी प्रत. आज एखादा चिनी अभ्यासक तळमळून लिहितो की अमेरिकेनं 1979 मध्ये कबूल केलेलं मोडलं, तेव्हा तो खोटं बोलत नसतो. तो त्याची प्रत वाचत असतो. त्याचा लेख इंग्रजीत आणताना तिथे टीप दिली नाही, तर इंग्रजी वाचक त्याला थापाड्या समजतो.

उलट दिशेचंही उदाहरण आहे. एप्रिल 2001 मध्ये हायनान बेटाजवळ अमेरिकी टेहळणी विमान आणि चिनी लढाऊ विमान यांची टक्कर झाली, चिनी वैमानिक वांग वेई गेला आणि 24 अमेरिकी अकरा दिवस बेटावर अडकले. चीनला हवं होतं ‘ताओछ्येन’, म्हणजे चूक मान्य करून मागितलेली माफी. अमेरिकेनं पत्रात दोनदा ‘व्हेरी सॉरी’ लिहिलं. चिनी माध्यमांनी ते ‘शनप्याओ छ्येनयि’ असं लावलं, त्यात माफीचा भाव येतो पण गुन्ह्याची कबुली येत नाही. दोन्ही राजधान्यांत लोकांना आपापलं वाचायला मिळालं आणि माणसं घरी गेली. भाषांतरातली धूसरता इथे सरकारांनी जाणूनबुजून वापरली. आपल्याला ती मुभा नाही. तुम्ही संस्थेत बसून लिहिता, ओलीस सोडवायला नव्हे.

बाजू मांडणं म्हणजे नेमकं काय, हे मला थाडच्या वेळी समजलं. जुलै 2016 मध्ये दक्षिण कोरियात ही क्षेपणास्त्रविरोधी यंत्रणा बसवायचं जाहीर झालं. चिनी प्रवक्ते नेहमीचीच वाक्यं म्हणत होते आणि पाश्चात्य वाचक विचारत होता, उत्तर कोरियासाठी आहे तर चीनला का झोंबतं? प्रवक्त्याची वाक्यं कितीही सुंदर भाषांतरित केली असती तरी याचं उत्तर त्यांत नव्हतं. ते होतं छिंगह्वा विद्यापीठाचे ली बिन यांच्यासारख्या, भौतिकशास्त्रातून शस्त्रनियंत्रणात आलेल्या लोकांकडे. त्यांचा रोख क्षेपणास्त्रांवर नव्हता, रडारवर होता. चीनची अण्वस्त्रं तेव्हा अमेरिकेच्या तुलनेत फार थोडी. आधी आम्ही वापरणार नाही, असं तो 16 ऑक्टोबर 1964 च्या पहिल्या चाचणीपासून म्हणत आला आहे. म्हणजे त्याची सगळी भिस्त पहिला मार खाऊन उरलेल्या थोड्या क्षेपणास्त्रांवर. रडारनं जवळून पाहून त्यांतलं खरं शस्त्र कुठलं आणि फसवं कुठलं हे ओळखलं, तर ती भिस्तच जाते. हा युक्तिवाद पटो न पटो, त्याला तांत्रिक उत्तर द्यावं लागतं, खांदे उडवून भागत नाही. चिनी बाजू मांडायची तर तिचा सर्वांत पक्का मांडणारा शोधा. तो सहसा प्रवक्ता नसतो.

मग जे लिहिलेलं नसतं त्याकडे पाहा. एप्रिल 2013 च्या संरक्षण श्वेतपत्रात ‘आधी वापरणार नाही’ हे वाक्य आलंच नाही. वॉशिंग्टनमधले अभ्यासक जेम्स अ‍ॅक्टन यांनी लगेच विचारलं, धोरण बदललं का? काही दिवसांत चिनी लष्करी विज्ञान अकादमीच्या मेजर जनरल याओ युनजू यांनी उत्तर दिलं, की या वेळचं श्वेतपत्र एका विषयापुरतं होतं, धोरण तेच आहे. 2015 च्या पत्रात वाक्य परतलं. म्हणजे गैरहजेरी हा पुरावा नव्हता. पण नेहमी तसंच असतं असंही नाही. ‘चीन परदेशात लष्करी तळ उभारत नाही’ हे वाक्य 2000 च्या सुमाराच्या श्वेतपत्रांत ठळक होतं. ते पुढे ओसरत गेलं आणि 1 ऑगस्ट 2017 ला पूर्व आफ्रिकेतल्या जिबूतीचा तळ सुरू झाला. नाव मात्र ‘रसद तळ’. जुनी श्वेतपत्रं जवळ नसतील तर हे दिसतच नाही.

चिनी लोक शतकांच्या हिशेबानं विचार करतात, हे वाक्य तुमच्या प्रस्तावनेत दिसलं तर मी फोन करून ओरडेन. त्याचा पुरावा म्हणून चीनचे तेव्हाचे पंतप्रधान चौ एन लाय यांचा किस्सा सांगतात: फ्रेंच क्रांतीचा परिणाम काय, तर ‘सांगायला अजून फार लवकर आहे’. अमेरिकी अध्यक्ष निक्सन यांच्या 1972 च्या चीनभेटीत हजर असलेले अमेरिकी दुभाषी चास फ्रीमन यांनी 2011 मध्ये खुलासा केला की बोलणं 1968 च्या पॅरिसमधल्या आंदोलनाबद्दल चाललं होतं. चार वर्षांपूर्वीच्या गोष्टीवर चौ जे म्हणाले ते कुणीही शहाणा माणूस म्हणेल. प्राचीन युद्धशास्त्रकार सुन त्झूच्या वचनानं सुरुवात करण्याचा मोहही आवरा.

एक गोष्ट मात्र हळू आवाजात सांगण्यासारखी आहे. मार्च 2022 मध्ये शांघायचे अभ्यासक हू वेई यांनी लिहिलं की चीननं पुतिनपासून लवकर अंतर घ्यावं. अमेरिकेतल्या कार्टर सेंटरच्या संकेतस्थळावर तो लेख चिनी आणि इंग्रजीत आला, जगभर गाजला आणि ते संकेतस्थळ चीनमध्ये बंद पडलं. पाश्चात्य वाचकाला असा वेगळा सूर फार आवडतो, कारण तो त्याच्याच मनातलं बोलतो. पण तो सूर तुम्ही मोठा केलात तर त्याची किंमत तुम्ही देत नाही. मला एकदा एका प्राध्यापकांचं पत्र आलं: भाषांतर उत्तम आहे, आभार, फक्त तिसऱ्या परिच्छेदातलं शेवटचं वाक्य काढता का? ते वाक्यच लेखाचा प्राण होतं. मी काढलं. संपादक चिडले. त्यांना चिडू दिलं.

तुम्ही विचारता की भारतीय असल्याचा त्रास होतो का. होतो. जून 2020 मध्ये गलवानला आपले वीस जवान गेले, त्यानंतर युरोपीय संपादक मला ‘तुमचा राग बाजूला ठेवता येईल ना?’ असं विचारायचे. बीजिंगचे ओळखीचे लोक न विचारताच पत्रं लिहायचे थांबले. यावर माझ्याकडे उपाय नाही. लिखाणाच्या रचनेत मात्र एक आहे. अमेरिकी अभ्यासक केनेथ लिबरथल आणि पेकिंग विद्यापीठाचे वांग जिसी यांनी 2012 मध्ये अमेरिका-चीन अविश्वासावर एक टिपण केलं. एकानं एका देशाची समजूत लिहिली, दुसऱ्यानं दुसऱ्याची. दोन्ही आधी वेगवेगळ्या लिहिल्या, एकमेकांच्या घासून गुळगुळीत केल्या नाहीत, आणि मग शेजारी ठेवल्या. वाचताना अंगावर काटा येतो, कारण दोघंही समोरच्याबद्दल जवळजवळ तेच मानतात. तुमच्या संस्थेला हा साचा सुचवून पाहा.

आता तुमचं वाक्य. मूळ शब्द आहे ‘च्वुनश तोउचंग चुनबेइ’, शब्दशः ‘लष्करी संघर्षाची तयारी’. तोउचंग हा पक्षाच्या भाषेतला जुना, झिजलेला शब्द आहे. भ्रष्टाचाराशी तोउचंग, गरिबीशी तोउचंग. हा सबंध वाक्प्रचार 1993 च्या लष्करी धोरणापासून कागदोपत्री चालत आला आहे. म्हणून ‘युद्धाची तयारी वाढवतो’ म्हटलं की रोजच्या कवायतीचं रणशिंग होतं. आणि ‘सज्जता’ म्हटलं की कुणाशी तरी भिडायचं आहे हा त्यातला भाग निघून जातो. मी इंग्रजीत ‘मिलिटरी स्ट्रगल’ असंच ठेवीन, कानाला ओबडधोबड लागलं तरी, आणि टीप देईन की वाक्प्रचार तीस वर्षं जुना आहे.

पण बातमी त्याच्या शेजारी असते. ही तयारी कशाच्या पायावर करायची, ते दर वेळी पुढच्या शब्दांत सांगतात. 1993 मध्ये होतं ‘उच्च तंत्रज्ञानाच्या परिस्थितीतली स्थानिक युद्धं’. 2004 मध्ये आली ‘माहितीकरण’ झालेली, म्हणजे संगणक आणि माहितीच्या जाळ्यांवर चालणारी परिस्थिती. मे 2015 च्या श्वेतपत्रात त्याला जोडून ‘सागरी लष्करी संघर्ष ठळक करून’ असं आलं. त्या दिवशी वाचण्यासारखं काही असेल तर ‘सागरी’ हा शब्द. तुम्ही पाठवलेल्या तुकड्यात वाक्य तिथेच तोडलं आहे. पुढची दीड ओळ पाठवा, मग क्रियापदाचं बघू.